हिरा कोळी या पत्त्यावर राहत नाही

राऊतबाईंशी बोलायचं म्हणजे आपलं मनगट त्यांच्या स्वाधीन करायचं. इतर लोक नमस्कार करतात, हात मिळवतात. बाई सरळ नाडी धरतात. तीन बोटं आपल्या मनगटावर, नजर पदराला पिनेनं उलटं टांगलेल्या घड्याळावर, आणि तोंडानं गप्पा चालू. "मंदाच्या गुडघ्याचं काय झालं? बोला, बोला, मी ऐकतेय." आपण बोलत राहतो आणि मनात धास्ती, की आता ही बाई काय जाहीर करणार. "ठीक आहे" म्हणाल्या तर सुटलो. नुसतं "हं" म्हणाल्या तर त्या दिवशी जेवण जात नाही.

अंधेरीला सात बंगल्याच्या अलीकडे आमची जुनी चार मजली इमारत आहे. मी तिथला सेक्रेटरी. विमा कंपनीतून निवृत्त झालो आणि लोकांनी दया म्हणून हे पद दिलं, असं माझं मत. मंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मते, दुसरं कुणी तयार नव्हतं. राऊतबाई दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. माधवराव जाऊन काही वर्षं झाली, मुलगा-सून बेंगळुरूला. बाई लष्करात नर्स होत्या. मेजर म्हणून निवृत्त झाल्या, पण ते फक्त कागदोपत्री. इमारतीत त्यांची ड्यूटी अजून चालू आहे.

कुणाकडेही गेल्या की आधी आतल्या खोलीत जाऊन पलंगावरची चादर बघणार. कोपरे नीट दुमडलेले नसले तर स्वतः दुमडून येणार, आणि मग चहाला बसणार. वर्सोव्याच्या बाजारात पापलेटचा कल्ला असा उघडतात, की मासळीवाल्या मावशी म्हणतात, "ओ डॉक्टरीण, त्याचा घसा बरा हाय." कुणी काही गाऱ्हाणं घेऊन गेलं, टाकी फुटली, लिफ्ट बंद पडली, सून बोलत नाही, तर बाईंचा एकच प्रश्न. "पेशंट जिवंत आहे ना? मग पुढचं बोला."

एकदा सोसायटीच्या टपालात एक जाडजूड सरकारी लिफाफा आला. नाव, कुमारी हिरा धर्मा कोळी. पत्ता आमच्या इमारतीचा, खोली नंबर नाही. मी इमारतीतल्या प्रत्येक माणसाला ओळखतो. यादी पाहायचीही गरज वाटली नाही. लिफाफ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हिरा कोळी या पत्त्यावर राहत नाही', खाली सोसायटीचा शिक्का मारला, सही केली, आणि परत पाठवून दिला. त्या संध्याकाळी मंदाला म्हणालोसुद्धा, "बघ, असं काम पाहिजे. दुसरा कुणी असता तर महिनाभर टेबलावर पडून राहिलं असतं."

पुढच्याच आठवड्यात जिन्यात बाईंनी माझं मनगट धरलं.

"सेक्रेटरी, माझं एक पत्र यायचं होतं. लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसातून."

"तुमच्या नावाचं काही आलं नाही हो, बाई."

"माझ्या नावाचं नाही. हिरा कोळीच्या."

माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं. बोलायची गरजच नव्हती.

"नाडी पळतेय," बाई म्हणाल्या. "परत पाठवलंत?"

"शिक्का मारून," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे. बहुधा निदान काम व्यवस्थित झालं होतं हे त्यांना कळावं म्हणून.

बाईंनी हात सोडला. चिडल्या नाहीत. जिन्याच्या पायरीवर बसल्या, आणि मला पहिल्यांदाच कळलं की त्या दमतातसुद्धा.

हकीकत अशी. बाई मूळच्या खारदांड्याच्या. वडील धर्मा कोळी, स्वतःची होडी. मुलगी हिरा, नर्सिंग शिकली आणि लष्करात गेली. त्या काळी लष्करातल्या नर्सनं लग्न केलं की नोकरी सोडावी लागे. हिरानं लग्न पुढे ढकललं. काश्मीरला राहिली, लेहला राहिली. नियम बदलला तेव्हा तिशी उलटली होती, मग माधवरावांशी लग्न झालं. आता आपल्याकडे लग्नात मुलीचं नुसतं आडनाव बदलत नाही. बापाचं नाव जातं, नवऱ्याचं येतं, आणि हौस म्हणून तिचं स्वतःचंही नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी वाकून बघायचं, पेढे वाटायचे. माधवरावांनी 'सुनंदा' लिहिलं. हिरा धर्मा कोळीची सुनंदा माधव राऊत झाली. एका अक्षराचाही संबंध उरला नाही. लष्कराच्या दृष्टीनं एक बाई नोकरीतून नाहीशी झाली आणि दुसरी कुठूनशी उगवली.

बाईंनी तेव्हा रीतसर कळवलं होतं. नोकरीची वर्षं जुळली, बढत्या जुळल्या. जुळली नाहीत ती पदकं. एक काश्मीरच्या सेवेचं, एक बर्फाळ डोंगरावरच्या सेवेचं. ती हिराची होती. ती हिराच्या जुन्या कागदांत राहिली, आणि ते कागद सुनंदाच्या कागदांना कधी भेटलेच नाहीत. निवृत्तीनंतर बाई हिराच्या नावानं, आपला पत्ता देऊन, लिहीत राहिल्या. शेवटी एकदाचं उत्तर आलं, आणि ते एका कार्यक्षम गृहस्थानं परत पाठवलं. बाईंनी मग फोन केला तेव्हा ऑफिसनं सांगितलं, की सदर अधिकारी दिलेल्या पत्त्यावर मिळून येत नाहीत, प्रकरण बंद.

"जाऊ दे ना बाई," मी म्हणालो. "बाकीची पदकं आहेत की."

"म्हणून तर लावत नाही." सव्वीस जानेवारीला बाई झेंड्यापाशी सगळ्यांच्या मागे, पांढऱ्या साडीत, कोऱ्या छातीनं उभ्या असतात. मला वाटायचं साधेपणा. "अर्धा युनिफॉर्म घालून उभं राहतं का कोणी? आहेत ती सगळी सुनंदाची. तिला इस्पितळात बसून मिळाली. जिनं खरं काम केलं ती पोरगी कुठंच नाही. तुम्ही घालवलीत तिला, सेक्रेटरी. आता तुम्हीच शोधून द्या."

आता मी विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात होतो. अर्ज लिहिणं हा माझा प्रांत. माझा एक अर्ज वाचून वरिष्ठांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मंदा म्हणते, जांभई दिली असेल. तर मी बैठक मारून लष्कराला चार पानी अर्ज लिहिला. नुसतं 'लग्नामुळे नाव बदलले' असं लिहिणं मला कोरडं वाटलं. समोर बसलेला अधिकारी पंजाबचा असेल, तमिळ असेल, त्याला आपली पद्धत काय ठाऊक? म्हणून तांदूळ, ताट, अंगठी, सगळं रंगवून लिहिलं. समईच्या उजेडात वराने थरथरत्या हाताने नवे नाव लिहिले, इथपर्यंत. माधवरावांचा हात थरथरत नव्हता असं बाई म्हणाल्या, पण मी ते ठेवलं. वजन येतं.

उत्तर आलं. एकच ओळ. 'ज्यात नवीन नाव लिहिले गेले त्या तांदळाच्या लेखाची साक्षांकित प्रत जोडावी.'

मी ते पत्र बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"त्या तांदळाचं काय झालं होतं?" मी विचारलं. बुडत्याला काय, काहीही विचारावंसं वाटतं.

"भात," बाई म्हणाल्या. "सासूबाई काही वाया घालवत नव्हत्या."

मग मी प्रतिज्ञापत्राचा मार्ग काढला. दिंडोशीला कोर्टाबाहेर टाइपिंगवाले बसतात. त्यांतल्या एकाला मी सगळं समजावून सांगितलं, आणि तो टाइप करत असताना त्याच्या शेजाऱ्याला, चांगला मसुदा कसा करावा, यावर दोन शब्द सांगत बसलो. शेजारी फार लक्ष देऊन ऐकत होता. इतका, की मी मागं वळून कागद वाचायचा विसरलो. बाईंना म्हणालो, "सही करा, मी बघितलंय." टाइपिंगवाल्यानं आपला नेहमीचा साचा वापरला होता. बाईंनी शपथेवर लिहून दिलं की 'मी सदर कुमारी हिरा हिला लहानपणापासून व्यक्तिशः ओळखते व तिची वागणूक चांगली आहे.'

ऑफिसचं उत्तर अगदी नम्र होतं. कुमारी हिरा आपल्या परिचयाच्या आहेत हे वाचून आनंद झाला, तरी त्यांनाच अर्ज करण्यास सांगावे. मात्र खाली कुणा भल्या माणसानं पेनानं एक ओळ जोडली होती. त्या दोघी एकच असल्यास, कुमारी हिरा यांच्या हाताखाली वा वरती काम केलेल्या एखाद्या अधिकाऱ्याने तसे ओळखून लिहून द्यावे.

घरी मंदा म्हणाली, "अहो, यापुढे तुम्ही फक्त पिशवी धरायची. तोंड उघडायचं नाही आणि पेनसुद्धा."

असा अधिकारी होता. कर्नल बर्वे, लेहला हिराचे सर्जन, आता मुलुंडला राहत होते. बाईंना हे पहिल्यापासून ठाऊक होतं.

"मग आधी का नाही गेलात?" मी विचारलं.

"साहेबांकडे रुग्णासाठी काहीही मागितलंय मी. स्वतःसाठी नाही."

"स्वतःसाठी कुठं? हिरासाठी," मी म्हणालो. आयुष्यात मी बोललेल्या शहाणपणाच्या वाक्यांपैकी हे एक. बाईंनी पर्स उचलली.

रिक्षानं निघालो. पवईच्या सिग्नलला बाईंनी रिक्षावाल्याची नाडी बघितली आणि त्याला तंबाखू सोडायला सांगितलं. त्या बिचाऱ्यानं मुलुंडपर्यंत सोडली.

कर्नलसाहेब ऐंशीचे, उंच, काटकुळे. दार त्यांनीच उघडलं. बसायला सांगितलं. फक्त मला म्हणाले, "त्या कापडी आरामखुर्चीत नको, ती जुनी आहे." मी कोपऱ्यात स्टुलावर पिशवी धरून बसलो. बाईंनी सगळं सांगितलं. कोण, कुठं, कधी. कर्नल शांतपणे ऐकत होते.

"सिस्टर कोळी मला चांगली आठवते," ते म्हणाले. "पण तुम्ही ती आहात हे कशावरून ओळखू? लेहला कुणाचा चेहरा दिसायचा? लोकरी टोपी, मफलर, वरून मास्क. नुसते डोळे."

"सर, ती पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट, जनरेटर बंद पडला आणि आपण टॉर्च धरून—"

"ती गोष्ट तिथं सगळ्यांना माहीत होती. आणि राग मानू नका, सिस्टर कोळी बोलायची नाही. रात्रंदिवस काम चाललं तरी तिच्या तोंडून अक्षर नाही. तुम्ही आल्यापासून माझी नाडी बघितलीत, माझ्या औषधांचा डबा तपासलात, आणि पडदे धुवायला टाका म्हणालात."

"मी तीच आहे, सर."

"असालही. पण 'असालही' वर मी सही करत नाही. माफ करा."

बाईंनी वाद घातला नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. पर्सचा बंद उगाच उघडला, लावला. मला ते बघवेना. वाटलं, संपलं. या बाईंच्या आयुष्याचा चांगला तुकडा मी शिक्का मारून पोस्टात टाकला, आणि आता तो कुठूनच परत येणार नाही. हताश होऊन मी स्टुलावरून उठलो आणि मागं न बघता जवळच्या खुर्चीत अंग टाकलं.

ती आरामखुर्ची होती.

कापड फाटल्याचा आवाज झाला आणि मी लाकडी चौकटीतून आरपार खाली गेलो. बूड जमिनीला, गुडघे कानांपाशी, हातात पिशवी. माझं शरीर भारदस्त आहे. चौकटीनं मला असं आवळलं की श्वास घ्यायचा तर आधी परवानगी मागावी लागली असती.

कर्नलांनी खालून वॉचमनला बोलावलं. दोघांनी माझ्या काखेत हात घातले. "एक, दोन, तीन," कर्नल म्हणाले आणि दोघांनी हिसका दिला. मी तसूभर वर आलो, कमरेत काहीतरी कटकन वाजलं, आणि परत खाली. मी ओरडलो ते बहुधा मुलुंड चेकनाक्यापर्यंत गेलं असावं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "असा उचलतात का पेशंट?"

त्या पुढं आल्या. पदर खोचला. वॉचमनला माझ्या पाठीमागं उभं केलं, कर्नलसाहेबांना बाजूला, स्वतः गुडघ्यांपाशी वाकल्या. आणि मग त्यांनी हाक दिली. फार मोठी नाही, पण लांब, छातीतून आलेली, समुद्रावरची.

"होऽऽऽ हय्याऽऽ..."

वॉचमन हाकेबरोबर ओढायला लागला. तेवढ्यात कर्नल त्याच्यावर खेकसले, "आत्ता नाही रे. आवाज संपू दे."

आवाज संपला. एक क्षण काहीच नाही. आणि त्या शांततेत सगळे हात एकदम उठले. मी लोण्यातून केस निघावा तसा चौकटीतून वर आलो. हिसका नाही, दुखणं नाही.

आणि तिथंच थांबलो. कारण कर्नल थांबले होते. मला जमिनीपासून हातभर उंचावर धरून ते बाईंकडे बघत होते. बाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"कोळी," कर्नल म्हणाले. "सिस्टर कोळी."

"येस, सर." एवढंच. आवाज असा की मी कधी ऐकला नव्हता.

"साहेब," मी म्हणालो, "आधी मला खाली ठेवता का?"

मला खाली ठेवलं. वॉचमनला काहीच कळलं नव्हतं, म्हणून कर्नलांनी त्याला आणि मला एकदमच सांगितलं. लेहला हवा विरळ. चार जण स्ट्रेचर उचलायचे, 'तीन' म्हटलं की प्रत्येक जण आपापल्या दमानं ओढायचा, आणि मोडक्या हाडांचा माणूस किंचाळायचा. ही न बोलणारी पोरगी एक दिवस पुढं झाली आणि होडी वाळूवर ओढताना खारदांड्याला देतात ती हाक दिली. हाकेवर हलायचं नाही. हाक संपली की सगळ्यांचा श्वास एकत्र येतो, तेव्हा उचलायचं. "पंजाबी, तमिळ, गढवाली, सगळे त्या हय्याची वाट बघायचे," कर्नल म्हणाले. "त्यानंतर माझ्या वॉर्डात उचलताना कुणी ओरडलं नाही. आणि ही बाई ती हाक सोडून दुसरं काही बोलायची नाही. आता मात्र बरीच भरपाई केलेली दिसते."

"माधवराव फार गप्प होते, सर," बाई म्हणाल्या. "दोघं गप्प राहिलो असतो तर संसार कसा झाला असता?"

कर्नल टेबलाशी उभे राहून लिहायला लागले. मी म्हणालो, मसुदा करायला मदत करू का? "तुम्ही खुर्ची मोडलीत तेवढं पुष्कळ झालं," ते म्हणाले. त्यांनी अर्ध्या पानात लिहिलं. समई नाही, थरथर नाही. मी तिला ओळखतो, ती हीच, एवढंच.

त्या अर्ध्या पानानं काम झालं. ऑफिसनं दोन्ही फायली एक केल्या, पदकांची नोंद झाली, आणि रीतसर पत्र आलं. मेजर सुनंदा माधव राऊत, पूर्वाश्रमीच्या हिरा धर्मा कोळी. मी ते पत्र चार मजले चढून प्रत्येक दारात वाचून दाखवलं. पदकं सव्वीस जानेवारीच्या आधीच येऊन पोचली.

सत्काराची जबाबदारी मी घेतली. मंदा नको म्हणत होती. फ्लेक्सवाल्याला मी फोनवर दोन्ही नावं सांगितली, दोन्ही नीट आली पाहिजेत असं बजावलं, आणि त्यानं नीटच आणली. 'मेजर श्रीमती सुनंदा राऊत व लेफ्टनंट कु. हिरा कोळी यांचा जाहीर सत्कार.' तो फलक बघून कार्यक्रमाच्या मंडळींनी दोन खुर्च्या मांडल्या, दोन शाली आणल्या, दोन नारळ. मला सकाळी झेंड्यापाशी उभं राहिल्यावर ते दिसलं आणि मी पाठीमागच्या दारानं निघण्याच्या बेतात होतो.

तेवढ्यात बाई आल्या. पांढरी साडी, आणि डाव्या बाजूला पूर्ण रांग. एकही जागा रिकामी नाही. ऊन पडलं तशी ती रांग लखलखली. फलक बघितला, खुर्च्या बघितल्या, आणि माझ्याकडे बघितलं.

"ठीक आहे," म्हणाल्या.

झेंडा त्यांनीच फडकवला. सगळ्यांच्या पुढं उभं राहून सलाम केला. कर्नल मुलुंडहून आले होते, स्वतःची घडीची खुर्ची बरोबर घेऊन. सत्काराच्या वेळी बाईंनी एक शाल घेतली, अंगावर पांघरली, आणि पुन्हा हात पुढं केला. "दुसरी कुठंय?" दोन्ही शाली घेतल्या, दोन्ही नारळ घेतले. लोकांनी टाळ्या वाजवून तळहात लाल केले. मंदा मला म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तुमची चूक बरोबर निघाली."

दुपारी खुर्च्या आवरून मी दोन्ही नारळ द्यायला वर गेलो. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. लेहचं पदक काढून हातात धरलं होतं, उजेडाकडे फिरवत होत्या.

"सेक्रेटरी, कडेला बघा. नाव कोरतात तिथं. फार बारीक आहे."

मी नारळ काखेत धरून पदक हातात घेतलं आणि चष्मा सारून वाचलं. "लेफ्टनंट हिरा कोळी."

बाई म्हणाल्या, "परत वाचा. ते पुढचं लेफ्टनंट नको."

"हिरा कोळी."

"कोळी पण नको." पदक माझ्या हातातून घेऊन त्यांनी मुठीत धरलं. "आई गेली त्यानंतर कुणी मारलीच नाही ती हाक. सासरी सुनंदा, नोकरीत राऊत, इथं बाई. तुम्ही जरा त्या दारापर्यंत जाता का? तिथून. संध्याकाळी जेवायला बोलावतात तशी."

मी दारापर्यंत गेलो. साठ वर्षांच्या मेजरला अशी हाक मारायची म्हणजे माझी जीभ वळेना. पण नारळ खाली ठेवले आणि मारली.

"हिराऽऽ..."

बाईंची पाठ माझ्याकडे होती. खिडकीतून खाली कुठं तरी बघत, बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "आले गो आय."